शंभर गुंठ्यांचा एकर

बरोबर उत्तरांचा कंटाळा येणारा माणूस तुम्ही कधी पाहिलाय? मी पाहिलाय. त्यांच्यासमोर बसून कितीतरी दुपारी डबा खाल्लाय.

उमरी तालुक्यातल्या एका खेड्यात आमची जिल्हा परिषदेची शाळा होती, आठवीपर्यंतची. मी नवीन रुजू झाले होते आणि हे सर तिथं कधीपासून आहेत, ते मुख्याध्यापकांनाही धड सांगता येत नव्हतं. वरच्या वर्गांना गणित शिकवायचे. पांढरा शर्ट, आणि शर्टाच्या खिशात कायम घड्या घातलेले कागद, इतके की खिसा फुगून पुढं यायचा. मला वाटलं, असतील दवाखान्याचे. तर पहिल्याच आठवड्यात मधल्या सुट्टीत त्यांनी त्यातली एक घडी काढली, उलगडली आणि घरचं लोणचं पुढं करावं तशी माझ्यापुढं सरकवली.

"घ्या म्याडम. बघा कशी हाय."

चौथीतल्या पोराचा पेपर होता, त्यांच्याकडं तपासायला आलेला. प्रश्न असा, की एका जीपमध्ये नऊ माणसं बसतात, तर छत्तीस माणसांना किती जीप लागतील? पोरानं लिहिलं होतं, दोन.

"चुकलंय की," मी म्हणाले.

"चुकलंय हे मलाबी दिसून राहिलंय. कसं चुकलंय ते सांगा."

आता यात सांगायचं काय, डोंबल! भागाकार येत नाही पोराला, दुसरं काय. मी तसं बोलून दाखवलं. सरांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि भाकरी मोडायला लागले. दुसऱ्या दिवशी ते उशिरा आले. एरवी मोटारसायकलवर येणारा माणूस चुरगळलेल्या शर्टात, केसांत धूळ घेऊन दारात उभा! उमरीच्या स्टँडवरून काळीपिवळी जीपमध्ये बसून आले होते.

"मोजलो म्याडम. ड्रायव्हर सोडून अठरा. दोघं मागं लटकून होते, एक तर ड्रायव्हरच्या उजव्या बाजूला. मी म्हनलो, नवाला निघ की रे. तर म्हनतो, नऊ माणसं घेऊन डिझेल निघतंय का गुर्जी? पोरगं बिलकुल बरोबर हाय. छत्तीसला दोनच लागतेत."

"मग मार्क देणार तुम्ही?"

"आधी त्याला सांगतो की पुस्तकातली जीप रिकामी जाती. मंग बघू काय लिहितो."

पोराला बोलावून त्यांनी खरंच ते सांगितलं. पोरगं हसलं आणि उभ्या उभ्या म्हणालं, "मंग चार." तेव्हा सरांनी मार्क दिला. तोही पेन्सिलीनं! त्यांचे सगळे मार्क पेन्सिलीनं असायचे. निकाल वर पाठवायच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापक त्यांना हाताला धरून खुर्चीत बसवायचे आणि ते सगळं पेनानं गिरवून घ्यायचे. दरवर्षी हे नाटक.

त्यांचं म्हणणं साधं होतं. "बरोबर उत्तर कुठूनबी येतंय म्याडम. शेजाऱ्याकडनं येतं, गाइडमधून येतं, खडू फेकून मारला तरी येतं. चूक मातर ज्याची त्याची असती. ती आतून येती. म्हनून मी चुका वाचतो." आणि वाचायचे कसे! बाकीचे मास्तर दुपारी मोबाईलवरचे विनोद एकमेकांना दाखवायचे, हे चुका दाखवायचे. एखादी चूक सुटली, म्हणजे ती कुठून आली हे कळलं, की मांडीवर थाप मारून एकटेच हसायचे. नाही सुटली तर कागद खिशात. म्हणजे तो फुगलेला खिसा म्हणजे सगळ्या न सुटलेल्या चुका होत्या. हे कळायला मला सहामाही उजाडावी लागली.

मी पडले लातूरची. आमच्याकडं पोरगं काय शिकलं असं कुणी विचारत नाही, कितवं आलं एवढंच विचारतात. माझ्या शाळेत दर आठवड्याला टेस्ट व्हायची आणि सोमवारी तिच्या मार्कांवर बाक ठरायचे. पहिले दोघं पहिल्या बाकावर, शेवटचे दोघं दाराजवळ. एका टेस्टला ताप घेऊन बसले आणि चार बाक मागं गेले तर वडील दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते. चौकात पहिल्या आलेल्यांच्या फोटोंचे बॅनर, त्याखाली चहावाला. अशा गावातून आलेल्या मला हा चुका चघळणारा माणूस म्हणजे अजब प्राणीच वाटायचा. राग यायचा, आणि खरं सांगायचं तर उत्सुकताही वाटायची. आज खिशातून काय निघतंय, म्हणून मी डबा जरा लवकरच उघडायला लागले.

एकदा मी विचारलंही, "सर, हा नाद तुम्हाला लागला कुठून?" प्रत्येक वेळी नवीन उत्तर. एकदा म्हणाले, "रिटायर होईपर्यंत टाइमपास." एकदा म्हणाले, "बायको म्हनती तुमचं सगळंच चुकतं, म्हनून अभ्यास करून राहिलो." फक्त एकदा, शाळा सुटल्यावर गाडीला किक मारता मारता म्हणाले, "मला लहानपणी एका मास्तरानं शून्य दिला होता. लई मेहनत करून लिहिलो होतो मी. काय लिहिलो ते आता आठवत न्हाई. पण त्यानंबी वाचलं न्हाई, एवढं आठवतंय. बरं, जयभीम." आणि गेले.

त्यांचा तक्त्याचा किस्सा तर तालुक्यात गाजला. झालं होतं असं, की आमच्याकडं चाचण्या उदंड. वर्षाच्या सुरुवातीची एक, मधली एक, मग वरून अचानक आलेली एक. तिचा निकाल मोबाईलमध्ये भरायचा, आणि शिवाय वर्गात भिंतीवर तक्ता लावायचा. येतं ते पोर हिरव्या रकान्यात, थोडं येतं ते पिवळ्या, येत नाही ते लाल. हेतू चांगलाच असणार. पण महिन्याभरात आम्ही बोलायला लागलो, "तुझ्या वर्गात लाल किती?" "माझी दोन लाल आज आलीच नाहीत." पोरंही एकमेकांना म्हणायची, ए लाल्या. एक दिवस सकाळी पाहिलं, तर सातवीच्या तक्त्यात पोरांच्या नावांखाली आमची सगळ्यांची नावं! मुख्याध्यापक: पोरांवर जीव, हिरवा, वेळेवर येणे, पिवळा. सर स्वतः: गणित हिरवा, गाणे लाल, मोबाईल लाल, इंग्रजी बोलणे लालभडक. आणि मी: शिकवणे हिरवा, धीर लाल.

माझं डोकंच फिरलं. मी खोडायला खडू उचलला, म्हणजे मुद्दा सिद्धच झाला, आणि नेमकं त्याच वेळी केंद्रप्रमुख साहेब दारात. आमच्या दहा-बारा शाळांवर देखरेख करणारा माणूस. साहेबांनी तक्ता वरून खाली वाचला. सगळ्यात शेवटी त्यांचंही नाव होतं. पुढं लिहिलं होतं, "तपासणे बाकी."

साहेब म्हणाले, "हे कुणाचं काम?"

"माझं, साहेब," सर म्हणाले. "लाल म्हनलं की कसं वाटतं ते बघावं म्हनलो. म्याडमला लई वाटलं. खडू घेऊन उठल्या बघा."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, माझ्या हातातल्या खडूकडं पाहिलं, आणि हसायला लागले. मी सोडून सगळे हसले. मी आठवडाभर सरांशी बोलले नाही. पण सातवीच्या भिंतीवर पुढं तो तक्ता राहिला नाही. नुसती नावं राहिली आणि प्रत्येकाच्या पुढं त्याला काय येतं ते, आणि साहेबांनीही त्यावर काही म्हटलं नाही.

एवढं सगळं ऐकून तुम्हाला वाटेल, चांगला प्रेमळ माणूस, पोरांना मार्कांची खैरात करत असेल. अहो कुठलं! दगड होता दगड. पोराची चूक समजून घ्यायला हा मनुष्य जीपच्या गर्दीत घुसमटत जाईल, पण आलं नाही तर अर्धा मार्क सोडायचा नाही. पालक हात जोडायचे, गावातली मोठी माणसं निरोप धाडायची, हे आपले, "न्हाई आलं अजून." गावात म्हणायचेच, त्या सरांकडनं मार्क घेणं म्हणजे दगडातून पाणी काढणं. आणि ह्याच्यावरूनच आमचं खरं भांडण झालं.

पूर्वी आठवीपर्यंत कुणाला नापास करता येत नव्हतं. मग नियम बदलला. पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षेत पास व्हावंच लागेल, नाही झालं तर उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर पुन्हा एकदा परीक्षा, आणि तिथंही नाही जमलं तर परत त्याच वर्गात. नवीन नियम म्हणून त्या वर्षी आम्ही परीक्षाही कडक घेतली. एका बाकावर एकच पोर.

आठवीत एक मुलगी होती. बाप दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवायचा, लोकांच्या शेतांची नांगरट, पेरणी करून द्यायचा. पोरगी गप्प गप्प. प्रत्येक चाचणीत पिवळी. लाल नाही म्हणून कुणी काळजी केली नाही, हिरवी नाही म्हणून कुणी कौतुक केलं नाही. ती गणितात नापास झाली. बाकी सगळ्यात पास, गणितात सवलतीचे गुण धरूनही भरेना.

निकालाच्या दिवशी तिची आई आली. पदर खोचलेला, तशीच कामावरून आलेली. मला बाजूला घेऊन म्हणाली, "म्याडम, आवंदा उमरीला नववीला जायला तिच्या जोडीला दोघी हायत. तिघी मिळून जीपनं जातील, येतील. सातवीत तर समदी पोरंच हायत, पोरगी एकबी न्हाई. हिला हितंच ठिवलं तर म्होरल्या साली कुनासंगं धाडू? एकटीला तर तिचा बाप धाडत न्हाई, मीबी न्हाई. मंग झालंच की तिचं."

मी सरळ सरांकडं गेले. म्हणाले, "सर, आठ मार्क कमी पडतायत. द्या ना! कुणाच्या बापाचं काय जातंय?"

"तिचं जातंय."

"तिची शाळा जातीय, कळतंय का तुम्हाला? पुढच्या वर्षी नाही जाऊ देणार तिला!"

"कळतंय म्याडम."

"मग?"

"मी आठ मार्क दिलो तर ती उमरीला जाईल. तिथं पहिल्याच चाचणीत आपटंल. मंग घरचे म्हनतील, सरानं तिकडं उगंच ढकललं होतं. तवा कोण देणार आठ मार्क?" आणि मग पेपर माझ्यापुढं करून, डोळे बारीक करून म्हणाले, "आन् हे बघा. ह्या चुका मला सुटून न्हाई राहिल्या."

मुख्याध्यापकही वैतागले होते. वरून विचारणा होणार, तुमच्याच शाळेत नापास कामून? पण सर ढिम्म. मी त्यांना तोंडावर म्हणाले, तुम्हाला पोरीपेक्षा तुमचं कोडं मोठं आहे. त्यांनी पेपर खिशात घातला. मी सुट्टीत लातूरला निघून आले, मनात पक्कं धरून की या माणसाचा आपण फोन घ्यायचा नाही.

तिसऱ्या दिवशी घेतला. "म्याडम, लिहून घ्या. तीन पॉइंट पंचवीस अधिक एक पॉइंट तीस. पोरीनं लिहिलंय पाच पॉइंट पंधरा. कुठून आलं?"

"हातचा चुकला असेल."

"मंग हे. पाचातून दोन पॉइंट पंचवीस गेले. तिचं उत्तर, दोन पॉइंट पंधरा. घड्याळ धरून बघितलो, तास-मिनिटं. तर पस्तीस यायला पायजे. येत न्हाई. आन् हे तर ऐका, शून्य पॉइंट वीस गुणिले सहा, बरोबर तीन. नुसते तीन!"

"तिला विचारा ना सरळ."

"इचारलो. खाली मान घालून उभी राहिली. तिला वाटलं मी रागं भरून राहिलो. नापास पोरीला काय बी इचारलं तर तिला रागवल्यासारखंच वाटतंय."

सरांचं मेडिकलवाल्याला दाखवून झालं होतं, बसच्या कंडक्टरला दाखवून झालं होतं. सरांना वाटत होतं तिकिटात काहीतरी सापडेल. मी फोन ठेवला आणि पोळ्या लाटता लाटता माझ्या डोक्यात तेच. वीस गुणिले सहा, तीन. माझा भाऊ शिकवणी घेतो, त्याला विचारलं. तो मान वर न करता म्हणाला, "बेसिक कच्चं आहे." आणि मला, मला बरं का, जी आयुष्यभर हेच म्हणत आले, मला त्याचा राग आला! मी सरांकडून पूर्ण पेपरचा फोटो मागवला. दुपारभर बघत बसले. संध्याकाळी एक गोष्ट दिसली आणि मी घाईघाईनं फोन लावला.

"सर, पॉइंटच्या पुढं तिनं कुठंच चाळीसच्या वर लिहिलेलं नाही. चाळीसही नाही. एकोणचाळीसच्या आतच सगळं."

पलीकडं कागद उलगडल्याचा आवाज. मग, "चाळीस? चाळीसाचं काय असतंय म्याडम?"

मला माहीत नव्हतं, त्यांनाही नव्हतं. मी लातूरच्या गल्लीत वाढलेली, आणि सरांच्या घरात बापजाद्यांपासून कुणाच्या नावावर जमीन नव्हती. मुख्याध्यापकांची चांगली काळी शेती होती, पण त्यांना विचारायचं आमच्या डोक्यात आलं नाही.

फेरपरीक्षेच्या आधी मी परत आले. सर म्हणाले, पोरीला रोज शाळेत बसवायचं, त्यासाठी घरच्यांना विचारायला जाऊ. गेलो. दारात ट्रॅक्टर, पत्र्याखाली बाप खाटेवर बसून फोनवर बोलत होता. आम्हाला बघून उठला, हातानंच बसा म्हणाला, फोन चालूच. "हाव पाटील, येतो की. किती हाय म्हनलाव? एक तीस वरलं, आन् दोन वीस खाललं. थांबा." मग फोन छातीला लावून आत ओरडला, "एक तीस आन् दोन वीस किती गं?"

आतून पीठ मळता मळता आवाज आला, "चार धा!"

"चार धा भरतंय पाटील. उद्या दिस कलायच्या आत उरकतो."

सर खाटेवरून असे उठले की खाट करकरली. "चार धा! म्याडम, चार धा!" मला अजून कळलं नव्हतं. सर बापाला म्हणाले, "भाऊ, हे चार धा काय हाय?"

बाप गोंधळला. "चार एकर धा गुंठे, सर. दुसरं काय?"

"एकरात गुंठे किती?"

"चाळीस." त्याला वाटलं असणार, सरांना उन्हाचा त्रास झाला. "तीस आन् वीस पन्नास, चाळीसाचा एक एकर झाला, धा उरले. ही पोरगीच करती माझा समदा हिशोब. ल्हानपणापासून."

सरांनी खिशातून तो पेपर काढला. कागद घडीवर फाटायला आला होता. दारात पोरगी येऊन उभी राहिली, हात पिठानं भरलेले. सर एकेक गणित वाचत गेले आणि बाप न बघता उत्तरं देत गेला. तीन पंचवीस आन् एक तीस? पाच पंधरा. पाचातून दोन पंचवीस गेले? दोन पंधरा. वीस गुंठ्यांची सहा वावरं? तीन एकर की सर. एकही चुकलं नाही. पेपरात जिथं जिथं पोरीनं पॉइंट पाहिला होता, तिथं तिथं तिनं जमीन मोजली होती.

पण मला एक सुटेना. मी तिला जवळ बसवलं आणि विचारलं, "अगं, मग सहावीपासून पॉइंट आहेत. मागं कसं जमत होतं तुला?"

तिनं आधी आईकडं पाहिलं, मग सरांकडं. "तिच्याकडं बघून लिव्हायचे," ती म्हणाली. म्हणजे बाकावरच्या जोडीदारणीकडं. "माझं दर टायमाला येगळंच यायचं. मला वाटायचं माझंच चुकतंय. म्हनून मी खोडायचे आन् तिचं लिव्हायचे. आवंदा एकटीला बशिवलं तर माझंच लिव्हले."

सर खाली बसले. "तीन वर्षं मी हिला शिकवलो म्याडम," ते म्हणाले, "आन् तिन्ही वर्षं मी तपासलो ते दुसरीचं."

मग उन्हाळा संपत आलेल्या त्या दिवसांत शाळेच्या व्हरांड्यात त्यांची शाळा भरली. फरशीवर खडूनं दोन मोठे चौकोन. एकावर लिहिलं "गावचा एकर", दुसऱ्यावर "शाळेचा एकर". सर म्हणाले, "गावच्या एकरात चाळीस. शाळेचा एकर शंभर गुंठ्यांचा. पुस्तकात पॉइंट दिसला की शाळेचा एकर धरायचा."

पोरगी पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली. "शंभर गुंठ्यांचा एकर कुठं असतो सर?"

"पुस्तकात."

"मंग पुस्तकवाल्यांची मजाच हाय की! लई जमीन त्यांची."

आम्ही तिघंही हसलो. दोन दिवसांत तिला ते जमलं. त्यात काही अवघडच नव्हतं, चाळीसाच्या जागी शंभर. ज्या पोरीला चाळीसात तोंडी हिशोब येतो, तिला शंभरात काय कठीण? नंतर ती सरांनाच उलट गणितं घालायची, हे गावच्या एकरात किती, ते शाळेच्या एकरात किती, आणि सर चुकले की खो खो हसायची. मी वर्षभर त्या पोरीचं हसू ऐकलं नव्हतं.

फेरपरीक्षा झाली. आमच्याच शाळेत, एकटी पोरगी, एकटा बाक. पेपर सरांनी तपासला. मी समोर बसून होते. एका ठिकाणी तिनं गणिताची रीत बरोबर लिहून उत्तर मात्र घाईत चुकवलं होतं. सरांनी रीतीचे मार्क दिले, उत्तराचा कापला. दगड तो दगडच! मग बेरीज केली. मला सरकवली. मी पुन्हा केली, उलटी केली, खालून वर केली. पास होण्याइतके होते आणि वर थोडे उरलेही होते. या वेळी त्यांनी मुख्याध्यापकांची वाट पाहिली नाही. स्वतःच पेन काढलं आणि सगळे मार्क शाईनं गिरवले.

सांगायला आम्ही दोघंच गेलो. बाप कामावर गेला होता. आई ओसरीवर सोयाबीनचं बियाणं निवडत बसली होती, पोरगी आत भांडी घासत होती. आम्हाला पाहताच आतला भांड्यांचा आवाज थांबला.

"पास," मी म्हणाले. माझ्याच्यानं थांबवेना.

आईनं हातातलं सूप खाली ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर मला वाटला होता तसा आनंद नव्हता. तिनं माझ्याकडं पाहिलंच नाही, सरांकडं पाहिलं. "सर, एक इचारू का? रागाला येऊ नका. तुमी पास केलाव, का ती झाली?"

माझ्या डोळ्यापुढून ते आठ मार्क गेले.

सर तिला काही सांगणार, इतक्यात आतून पोरगी आली. हाताला राख तशीच. "मी झाले, आई," ती म्हणाली.

आईनं परत सरांकडंच पाहिलं. तिला त्यांच्या तोंडून हवं होतं. त्या सरांच्या, ज्यांनी गावात कुणाच्या पोराला अर्धा मार्क फुकट दिला नव्हता.

"तीच झाली," सर म्हणाले. "मी न्हाई केलो."

मग आई उठली, पदरानं डोळे पुसले, अंगणात गेली आणि कुडाच्या पलीकडच्या शेजारणीला हाक मारून म्हणाली, "अगं ए, तुझ्या पोरीला सांग, सकाळच्या जीपला थांब म्हनावं. आमचीबी येनार हाय."